हरेश्वरची मोगरी, कोंडाजीची खिडकी

त्या काळी आमच्या चौलात माणसाची अब्रू दोन ठिकाणी जायची. एक माझ्या ओटीवर, नाहीतर हरेश्वर सुताराच्या मोगरीखाली. माझ्या ओटीवर गेलेली चार दिवसांत परत मिळे, कारण तोवर दुसऱ्या कुणाची तरी आलेली असे. हरेश्वरच्या मोगरीखालची मात्र गेली ती गेली.

मोगरी म्हणजे सुतार पटाशीवर मारतात ती लाकडी हातोडी. हरेश्वरची चिंचेच्या गाभ्याची होती आणि दांडा धरून धरून काळा कुळकुळीत झाला होता. कुणाला घर विकत घ्यायचं असलं की तो आधी हरेश्वरला तिथं घेऊन जाई. हरेश्वर खांबाला डावा कान लावी, डोळे मिटी आणि पायापासून छातीपर्यंत हलके ठोके देत वर सरके. खांब भरीव असला तर आवाज पाण्याने भरलेल्या हंड्यावर बोट वाजवल्यासारखा. वाळवीने आतून खाल्लेला असला तर ओल्या पोत्यावर काठी बसल्यासारखा. तो ओला आवाज झाला की घरमालकाचा चेहरा कसा उतरतो ते बघायला मी मुद्दाम मागोमाग जात असे. सुपारीची वाडी माझी, झाडं आपली आपण वाढायची. मला दुसरं काम काय?

त्याचा डावा कान उजव्यापेक्षा मोठा आहे, ही बातमी मीच गावात सोडली होती. पुढे लोक त्याला बसवून दोरीने कान मोजायला लागले. तेव्हा त्याची बायको मनुबाई कंबरेवर हात ठेवून माझ्या अंगणात उभी राहिली. म्हणाली, "आण्णा, तुमची जीभ एकदा आमच्याकडं पाठवून द्या. ह्यांच्या रंध्याखाली घालून जरा बारीक करून देते." त्याला 'ठोक्या' हे नावही माझंच. तेही आठ गावांत पसरलं. आज त्याचं काही कौतुक वाटत नाही, पण तेव्हा फार वाटायचं.

घर बघायची त्याची रीत होती. गेल्या गेल्या तो घराकडे बघायचाच नाही. ओटीवर पान खात बसायचा, पाणी मागायचा, कुत्र्याची चौकशी करायचा. मग उठून एकदम नको तिथं जाऊन उभा राहायचा. मी एकदा विचारलं, तुला नेमकं कळतं कसं रे? तर म्हणाला, "भितीवरची तांबडी काव बघायची, आण्णा. आख्ख्या घराला नवी काव लावली असली तर समजायचं, सन आलाय. येकाच भितीला लावली असली तर तितं कायतरी झाकलंय."

रेवदंड्याच्या दिनानाथ शेटचं घर विकायचं होतं. घर देखणं. पण देवघरातल्या खांबापुढे शेटने देव्हारा असा मांडला होता की मागे हात जाऊ नये. हरेश्वर मोगरी घेऊन पुढे झाला, तर शेट ओरडला, "देवामागं ठोकाठोकी नको हां, विटाळ होतो." हरेश्वर म्हणाला, "बरं. नमस्कार तरी करू ना?" आणि देव्हाऱ्याच्या बाजूने वाकून त्याने खांबावरच कपाळ टेकलं. एकदा, दोनदा, तीनदा. जरा जोरातच टेकलं. बाहेर येऊन गिऱ्हाइकाला म्हणाला, "देव जागा हाय. खांब निजलाय." पुढच्या श्रावणात तो खांब देवासकट खाली आला. कुणाला लागलं नाही, एक समई तेवढी वाकली. शेट त्यानंतर चार वर्षं हरेश्वरशी बोलला नाही आणि मला मात्र दर आठवड्याला बोलावून हरेश्वर कुणाकुणाकडे जातो ते विचारायचा.

दुसरी गोष्ट बाबाजीची. त्याच्या मुलाला बघायला मुलीकडचे आले होते आणि ओळखीचा म्हणून हरेश्वरही बरोबर होता. पडवीत भाताचे चार मोठे कणगे, शेणाने छान सारवलेले, तोंडं बांधलेली. मुलीचा बाप ते कणगे बघून खूश. हरेश्वरने पिंक टाकायला उठल्यासारखं केलं आणि जाता जाता चारही कणग्यांवर बोटं वाजवली. तीन रिकामे. मुलीच्या बापाने पोहे सगळे खाल्ले, मग पत्रिकेत काहीतरी निघालं असं सांगून तो उठला.

तेव्हापासून आमच्याकडे ती चालच पडली. मुलगी द्यायची तर मुलाचं घर बघायला जाताना हरेश्वरला न्यायचं. चुलीवरच्या वाशांची काजळी बघून तो सांगे, ह्या घरात चूल एकवेळच पेटते. ओटीची झिजलेली पायरी बघून सांगे, इथं पाहुणे फार येतात, सुनेला उसंत नाही मिळायची. माजघराच्या दाराला आतून नवी कडी दिसली तर काही सांगत नसे, नुसती मान हलवी. त्याने किती पोरी पोकळ घरांतून वाचवल्या त्याची मोजदाद नाही. आणि किती घरं तोंडावर पाडली, त्याची होती. ती त्या त्या घरांनी ठेवली होती.

हरेश्वरला एकच मुलगी, गोदू. रंगाने सावळी, दात किंचित पुढे, आणि हसली की वाडीपलीकडे ऐकू जाणार. बापाचा कान तिने घेतला होता. नारळ हातात घेऊन दोन बोटांनी वाजवायची आणि सांगायची, ह्याच्यात पाणी गोड, ह्याच्यात खोबरं धरलंय, हा कोंबावर आलाय. मी पैज लावून तिच्याकडून सहा नारळ हरलो आहे. एकदा तिने स्वतःच्याच घराच्या मधल्या खांबावर टिचकी मारली आणि बापाला म्हणाली, "बाबा, ह्यो पोकळ हाय."

"म्हाइत हाय मला," हरेश्वर म्हणाला. "त्यासाठी माळ्यावर सागाचा येक वंडा ठेवलाय. जरा सवड मिळूंदे, बदलतो."

सवड काही मिळाली नाही. लोकांची घरं ठोकण्यातच वर्षं गेली.

गोदूला तेरावं लागलं, पंधरावं लागलं. स्थळ येईना. सुताराची मुलगी सुताराच्याच घरात जायची, आणि सुतारांची घरं कशी असतात ते तुम्हांला ठाऊक आहे. दुसऱ्याला ऐनाचे वासे आणि स्वतःला उरलेल्या ढलप्या. दुसऱ्या जातीच्या माणसाचं घर हरेश्वरने पोकळ म्हटलं तर तो सुताराला शिव्या देऊन मोकळा होई. पण सुताराचं घर पोकळ निघालं तर त्याला उद्या काम कोण देणार? अलिबागेपासून नागोठण्यापर्यंत सगळे सुतार एकच म्हणायचे, "पोरगी चांगली हाय हो. पन सासरा ठोकत येईल."

हे वाक्य प्रथम कुणी म्हटलं, ते मला विचारू नका. वाक्य चांगलं होतं, ओटीवर हशा पिकला होता, आणि गोदू तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती.

मग तो शारदा कायद्याचा हंगाम आला. चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न केलं तर चैत्रापासून शिक्षा, असं सरकारने जाहीर केलं. आणि त्या माघ-फाल्गुनात जो तो आपली पोर उजवायला धावला. सहा सहा वर्षांच्या नवऱ्या, कडेवर घेऊन बोहल्यावर चढवलेल्या. भटजींना जेवायला फुरसत नव्हती. गावात रोज दोन मांडव. त्या सगळ्या मांडवांत सतरा वर्षांची गोदू वाढायला उभी असे. बायका तिच्या हातून भात घेत आणि तिच्या पाठीमागे एकमेकींकडे बघत. मनुबाई मांडवात जाईनाशी झाली. घरी बसून हरेश्वरच्या मोगरीकडे बघून बोटं मोडायची.

"चुलीत घालते तिला येक दिवस!"

"घाल," हरेश्वर म्हणायचा. "चिंच हाय. धूर फार करेल."

अशात नामा आला. नामा हा मनुबाईचा भाऊ, करवत्या, गावोगाव लाकूड चिरत फिरायचा. म्हसळ्याकडून आला होता. म्हणाला, "कोंडाजी सुतार म्हनून मोठं घर हाय. मुलगा दयाराम, मुंबैस फर्निचरच्या कारखान्यात होता, आता घरीच असतो. मुंबैचं पानी मानवलं न्हाय. त्यांना मुलगी पायजे."

हरेश्वर मोगरीचा दांडा चोळत राहिला. शेवटी मीच विचारलं, "हा ठोकतो, ते सांगितलंस का त्यांना?"

"सांगितलं. तर कोंडाजी हसला. म्हनाला, मोगरी घेऊनच या म्हनावं. पायजे तितं ठोका."

मी हरेश्वरकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत मोगरी घेऊन या असं म्हणणारं मुलाकडचं हे पहिलं घर.

म्हसळं म्हणजे नवाबाच्या संस्थानाची हद्द. रेवदंड्याहून तरीने खाडी ओलांडून साळाव, तिथून मुरूड, राजपुरीहून मचव्याने दिघी आणि पुढे बैलगाडी. दोन दिवस मोडले. माझी बातमी साळावच्या तरीपर्यंत धावायची. पलीकडे मला कोण ओळखतो? नाहीतर जाण्याआधीच मी त्या घरातली उष्टी ताटंसुद्धा मोजून ठेवली असती. पण मेजवानी चुकवायची नाही म्हणून बरोबर निघालो. हरेश्वर, नामा आणि मी.

कोंडाजी रस्त्यापर्यंत सामोरा आला. पन्नाशीचा, रुंद छातीचा, हाताला पटाशीचे वण. दोघे सुतार एकमेकांच्या हातांकडे आधी बघून मग तोंडाकडे बघू लागले. पाणी झालं, गूळ झाला. कोंडाजीच म्हणाला, "उठा व्याही, करा तुमचं काम. मग जेवायला बसू."

हरेश्वर उठला. मी त्याच्याबरोबर कितीतरी घरं बघितली, पण त्या दिवसासारखा तो कधी दिसला नाही. ओटीचे खांब, पडवीचे खांब, तुळया, वासे, चौकटी. कान लावी आणि ठोका देई, आणि प्रत्येक ठोक्याला त्याच्या तोंडावर हसू पसरत जाई. सगळं भरीव. सगळं अंधाऱ्या पक्षात तोडलेलं, भुंगा शिवलेला नाही. एक सांधा असा की त्यात सुई जाऊ नये.

मग तो माजघराशेजारच्या खोलीत गेला आणि थबकला. मीही मागोमाग गेलो. आमच्याकडे घरांना खिडक्या कशा असतात? मांजर गेलं तर गेलं. इथं रस्त्याकडच्या भिंतीला कंबरेपासून डोक्याच्या वरपर्यंत उघडी, दोन माणसं शेजारी उभी राहतील एवढी खिडकी. नवी कोरी. आणि त्या एकाच खोलीला नवा पांढरा चुना.

आता कोंडाजी पकडला, असं मला वाटलं. एकच भिंत रंगवली की तिथं काहीतरी झाकलेलं असतं. हरेश्वरलाही तेच वाटलं असणार, कारण त्याने एकदम मोगरी उचलली.

"चुना नवा हाय," तो म्हणाला.

"खिडकी पाडली तवा भित बिघडली," कोंडाजी म्हणाला. "म्हनून मारला."

हरेश्वरने भिंत ठोकली. चौकट ठोकली. कोपऱ्यातला खांब तर चार ठिकाणी ठोकला. सगळं दगडासारखं. मग त्याने चौकटीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"ही कुनी केली?"

"मीच."

"वा! असा सांधा आमच्याकडं कोन मारत न्हाय. पन येवढी मोठी कशाला, व्याही?"

कोंडाजी खिडकीबाहेर बघू लागला. मग म्हणाला, "वारा चांगला येतो."

खोलीत एक बाज होती. तिच्याखाली मातीच्या कुंडीत राख भरून ठेवली होती. हरेश्वरने ती मला बोटाने दाखवली आणि हळूच म्हणाला, "बघा, बाजेच्या पायाला वाळवी लागू नये म्हनून राख तयारच ठेवलीय. जपनारी मानसं!" मीही मान डोलावली. मी काय सुतार आहे?

दयाराम जेवताना आला. गोरा, गालांवर लाली, डोळे लकाकणारे. भर दुपारी मुंबईचा कोट गळ्यापर्यंत घातलेला. मी थट्टा केली, "सायेब, बोटीत बसायचंय का?" तो नुसता हसला. पान दिलं तर घेतलं नाही. बोलायचा फार हळू आणि मध्येच थांबून. नामा म्हणाला, किती नम्र. परतताना मचव्यात हरेश्वर मोगरी मांडीवर घेऊन बसला होता. दिघीपासून राजपुरीपर्यंत तो एकच बोलला: "अशा घराला मरन न्हाय, आण्णा."

फाल्गुनात लग्न झालं. होमाच्या धुराने नवऱ्या मुलाला खोकला आला. सगळेच खोकत होते. निघताना गोदूने उंबऱ्यावर थांबून मधल्या खांबावर टिचकी मारली आणि रडता रडता हसली. "बाबा, आता तरी बदला ह्यो. मी न्हाय आता ऐकायला." बायकांनी तिला पुढे ढकलली.

दीड वर्षाने, सन एकतीसच्या भाद्रपदात, दयाराम गेला. नवाबाच्या हद्दीतून चौलात बातमी यायला नऊ दिवस लागले. ती घेऊन आला तो साळावचा तांडेल. मला ओळखत नव्हता, तरी माझ्याच ओटीवर आला, कारण गावात त्याला कुणीतरी सांगितलं होतं की बातमी इथं देतात. मी ती पायी हरेश्वरकडे घेऊन गेलो. माझ्या आयुष्यातली तेवढीच एक बातमी, जी मी वाटेत कुणाला सांगितली नाही.

हरेश्वर लगेच निघाला, पण कोंडाजीच्या बायकोने गोदूला पाठवलं नाही. वर्षश्राद्धापर्यंत सून घरातच राहायची, म्हणाली. तो एकटाच परत आला. कशाने गेला, हे त्याने तिथं विचारलं. खोकल्याने, म्हणाले. एवढंच तो मला म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. राखेची कुंडी कुणाच्या थुंकीसाठी होती, खिडकी कुणासाठी पाडली होती, हे आम्हां दोघांनाही तेव्हाच कळलं होतं. त्यावर आम्ही बोललो नाही. मी, आणि बोललो नाही! मनुबाई कुठून कुठून ऐकून आली आणि तिने मोगरी खरंच चुलीत घातली. हरेश्वरने ती काढली. दांड्याचं टोक जरा जळलं होतं.

पुढच्या आश्विनात, वर्षश्राद्ध उरकल्यावर, कोंडाजीचा निरोप आला. खिडकी बंद करायची आहे. रस्त्यावरून जाणाऱ्यांना तरुण विधवा बसलेली दिसते, भावकी नावं ठेवते. तुम्ही येऊन करा.

"त्याच्या गावात सुतार मेलेत काय?" मनुबाई ओरडली. "तो सोता कोन हाय?"

हरेश्वरने हत्यारांची पिशवी भरली. मला म्हणाला, "चला आण्णा. येकट्याला जाववत न्हाय."

ह्या वेळी कोंडाजी रस्त्यापर्यंत आला नाही. ओटीवर बसून होता. वर्षभरात छाती बसली होती. हरेश्वर समोर उभा राहिला आणि पहिल्यांदा त्याने व्याही म्हटलं नाही.

"मला का बोलावलंस?"

"माझ्यानं होत न्हाय. दोनदा पटाशी लावली," कोंडाजी म्हणाला. "डाक्टर म्हनाला होता, वारा मिळाला तर जगेल. मी त्याच्यासाठी केली ती. माझ्या हातानं न्हाय बुजवत."

"आनि माझ्या पोरीला आनलंस ती कशासाठी?"

"बरा होत होता तवा. खरंच होत होता."

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुम्ही इचारलंत कुठं? ठोकत होतात तुम्ही."

"इचारलं असतं तर?"

कोंडाजीने मान वर केली. "तर खोटं बोललो असतो," तो म्हणाला. "येकच मुलगा होता माझा."

मला वाटलं आता मारामारी होणार. झाली नाही. हरेश्वर पिशवी उचलून आत गेला. मी दारात राहिलो.

गोदू खिडकीशी बसली होती. रिकामं कपाळ, रिकामे हात. बापाला बघून उठली नाही, सरकून जागा केली. ते हसणं कुठल्या कुठे गेलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाली, "आण्णा आले? मंग चौलात आता समद्यांना कळेल."

"काय कळेल गं?" मी म्हणालो.

हरेश्वरने पिशवी सोडली, मोगरी काढली. खिडकीची चौकट सोडवायची तर आधी तिच्या खुंट्या कुठे आहेत ते बघावं लागतं. सवयीने तो वाकला, चौकटीला डावा कान लावला, डोळे मिटले आणि ठोका द्यायला हात उचलला. तेवढ्यात गोदू खोकली. मोठा खोकला नव्हता. पदर तोंडाशी धरून दाबलेला, एकदाच. ती चौकटीला पाठ टेकून बसली होती.

हरेश्वरचा हात तसाच वर राहिला. मला दारातून त्याचं तोंड दिसत होतं. तसे चेहरे मी लोकांच्या घरी पुष्कळ बघितले होते, ठोका पडल्यावर उतरणारे. बघायलाच तर जात होतो.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"आखाडातल्या दिव्यांच्या अवसेपासून."

"निरोप धाडायचा."

"कुनासंगं धाडू?" गोदू म्हणाली. मग चौकटीवर हात ठेवून, "बाबा, बंद करायला आलात ना? नका करू. येवढाच वारा हाय."

त्याने मोगरी पिशवीत ठेवली. बाहेर येऊन कोंडाजीला म्हणाला, "मी पोरीला नेतो." कोंडाजीची बायको काही बोलणार होती, पण आतून पुन्हा तोच खोकला आला आणि तिने तोंड मिटलं. त्या आवाजाला ते घर ओळखत होतं. कोंडाजीने बैलगाडी जुंपली आणि दिघीपर्यंत स्वतः हाकत आला. मचव्यात गोदू खोकली तशी शेजारची माणसं एकेक करून दुसऱ्या बाजूला सरकली, आणि तांडेल ओरडला, "अरे, मचवा कलतोय, सारखे बसा!" कुणी सारखं बसेना. शेवटी मीच उठून तिच्या बाजूला बसलो. वजनाला.

आल्या आल्या हरेश्वरने माळ्यावरचा सागाचा वंडा उतरवला, जो इतकी वर्षं मधल्या खांबासाठी ठेवला होता. मनुबाईला वाटलं, खांब बदलतोय. त्याने पश्चिमेची भिंत पाडली आणि त्या सागाची खिडकी केली. कंबरेपासून डोक्याच्या वरपर्यंत. सात दिवस हात थांबला नाही. सांधा त्याने कोंडाजीसारखाच मारला. मी बघितला, सुई जात नव्हती. खोलीला चुना दिला. बाजेखाली कुंडी ठेवली. मग समुद्राकडचा वारा आत आला आणि फळी आपटायला लागली, तेव्हा ती उघडी राहावी म्हणून त्याने खाली मोगरी अडकवून ठेवली.

तिथून ती पुन्हा निघाली नाही. लोक बोलावायला येत. नागावहून आले, थळहून आले, घर घ्यायचंय, मुलगी द्यायचीय. हरेश्वर म्हणे, "मोगरी कामात हाय." तसेही फार दिवस आले नाहीत. त्या घरात पाणी पिण्याची लोकांना भीती वाटायला लागली होती. माझ्या घरचेही मला सांगत, आत जाऊ नका, त्यांच्या ओटीवरूनच बोला. मी ओटीवरूनच बोललो. खिडकीतून गोदूला नारळ दाखवायचो, ओळख बघू, म्हणायचो. पहिल्या वर्षी ती हात पुढे करून वाजवायची. दुसऱ्या वर्षी नुसती मान हलवायची, हो किंवा नाही, आणि मी म्हणायचो, बरोबर, हरलो. तिसऱ्या पावसाळ्यात मी नारळ नेले नाहीत.

ती गेली श्रावणात, सन पस्तीस. मनुबाई दोन वर्षांनी, त्याच खोकल्याने. हरेश्वरला मात्र काही झालं नाही. तो पुढे पुष्कळ जगला. जगला म्हणजे सकाळी उठायचा, भात शिजवायचा, पोकळ खांबाला पाठ लावून बसायचा. मी एकदा म्हणालो, अरे, हा बदलून घे, एखाद्या रात्री अंगावर येईल. तो म्हणाला, "वाटच बघतोय." पण खांबही आला नाही.

आता तोही नाही. घर आहे. एवढ्याशा घराला अशी अजस्र खिडकी, आणि तिच्या फळीखाली टोकाला जळलेली एक मोगरी. रस्त्याने जाणारा नवा माणूस हमखास थांबतो आणि माझ्याच ओटीवर येऊन विचारतो, कारण गावात अजून सांगतात की सगळं इथं कळतं. "आण्णा, त्या घराला येवढी मोठी खिडकी कशाला हो?"

मी सुपारी कातरत राहतो.

"वारा चांगला येतो," म्हणतो.